लॉ कॉलेजची हजेरी आणि दुकानाची हजेरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वय वर्षं 46, भुसावळहून जळगावला रोज अपडाउन, सकाळी लॉ कॉलेज आणि तिथून थेट एका दुकानात हिशेबाचं काम, रात्री घरी यायला साडेनऊ. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲडमिशन घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "या वयात कशाले वं कॉलेज?" आता त्यांना काय सांगू, त्यांच्याच पैशांपायी तर गेले. त्यांची एफडी एका पतसंस्थेत अडकली, आपल्या जिल्ह्यात हे दुःख घरोघरचं आहे, उपनिबंधक ऑफिसच्या चकरा मीच मारल्या. वकील एमपीआयडी एमपीआयडी म्हणायचे, मी नुसती मान हलवायची. एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा, महाराष्ट्राने तो 1999 मध्येच केलाय हे मला नंतर कळलं, तेही स्वतः शोधल्यावर.

वयाचं म्हणाल तर आता कोणी अडवत नाही. एलएलबीच्या प्रवेशाला असलेल्या 30 वर्षांच्या अटीला सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्थगिती दिली, आणि 45 नंतर वकिलीची सनद नाही हा नियम तर 1995 मध्येच रद्द झालाय. अडतं ते पुढे. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे आठवड्याला 30 तास, 70 टक्के हजेरी, आणि वर्ग भरवायचे सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत. म्हणजे नोकरी करणाऱ्याने काय करायचं? पार्टटाइम असं काही कागदावर नाहीच. पण वर्गात बघा, निम्मे आमच्यासारखेच, कोणी मास्तर, कोणी एसटीतला, कोणी रिटायर होऊन आलेला. ॲडमिशनच्या वेळी खिडकीवरच सांगतात, हजेरीचं बघून घेऊ. मग सगळे बघूनच घेतात, आणि ज्या कोर्टात खोटं बोलू नका म्हणून शिकायचं तिथे जायची सुरुवात खोट्या सहीने होते. मीही केलीय, लपवत नाही. नुकसान माझंच झालं, मूट कोर्टला, म्हणजे सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्याला, उभी राहिले तर हातातला कागद थरथरत होता कारण प्रॅक्टिसचे सगळे तास बुडवलेले. (त्यात शेजारच्या पोराच्या जुन्या नोट्स घेतल्या होत्या, 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी न्याय संहिता आली आणि फसवणुकीच्या कलम 420 चं झालं 318, सगळ्या रद्दीत.)

माझं काम हिशेबाचं म्हणून मांडून बघितलं. 30 तास, 15 आठवडे, 6 सेमिस्टर म्हणजे 2700 तास. तेच संध्याकाळी 7 ते 10 रोज 3 तास, आठवड्याचे 6 दिवस, 10 सेमिस्टर केले तरी बरोबर 2700 च होतात. तीनऐवजी पाच वर्षं लागतील, लागू द्या, पण तास पूर्ण आणि सही खरी. लायब्ररी रात्री 10 पर्यंत उघडी ठेवायला तेच नियम परवानगी देतात, मग वर्गानेच काय घोडं मारलंय?

घरबसल्या ऑनलाइन डिग्री द्या असं मी म्हणत नाही, वकिली तशी येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एका तरी कॉलेजला अशी रात्रीची बॅच मिळावी, एवढी मागणी आपल्या खासदारांनी बार कौन्सिलकडे लावून धरावी.

आपली,
एक वाचक, भुसावळ