मूळ रेकॉर्ड न विकल्याबद्दल

प्रिय काका,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत त्याबद्दल नुसतं तुम्हाला 'धन्यवाद' कळवून माझं समाधान होणार नाही. विस्मरणात गेलेल्या सायकेडेलिक फोक (गिटारवरच्या लोकगीतांत स्वप्नवत, विचित्र ध्वनी मिसळणारं संगीत) अल्बमांचा शोध घेणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांची गाठ आधी नको त्या माणसांशी पडते. तुमचं नाव मात्र घालत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं मी ओळखते.

अमेरिकन गायिका लिंडा परहॅक्सच्या 'पॅरॅलेलोग्राम्स' या अल्बमची १९७० मधली मूळ रेकॉर्ड तुमच्याकडे आहे असं कळलं, म्हणून मी तुम्हाला लिहिलं होतं. सोबत रक्कमही कळवली होती आणि कमी वाटली तर वाढवून देईन असंही म्हटलं होतं. उत्तरात तुम्ही किमतीचा उल्लेखच केला नाहीत. दोन ऑडिओ फाइल पाठवल्यात, एकीचं नाव 'क', दुसरीचं 'ख', आणि खाली एक ओळ: "हेडफोन लावून ऐका, यातली कोणती हवी ते सांगा, मग बोलू."

दोन्हींत तेच गाणं होतं, अल्बमच्या नावाचं. ते गाणं माझ्या माहितीचं होतं. सुरुवातीला गिटार आणि तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढत जातो, भूमितीतल्या आकारांची नावं एकमेकांत गुंफली जातात, मग मध्येच सूर तुटतो, ठोके आणि विचित्र घुमणारे ध्वनी येतात, आणि बऱ्याच वेळाने ते आवाज पुन्हा वर येतात. 'क' ऐकताना हे सगळं बंद दाराआडून ऐकल्यासारखं वाटत होतं. 'ख'मध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा होती. एक डावीकडून निघून उजवीकडच्या आवाजाला जाऊन मिळतो ते कळत होतं. ओळ सुरू होण्याआधी ती श्वास घेते तोही ऐकू येत होता. मधल्या भागात मला आजवर नुसता गोंगाट ऐकू आला होता, त्यात थर आहेत आणि ते मुद्दाम रचलेले आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मी तुम्हाला एकच अक्षर लिहून पाठवलं: ख.

तुमचं उत्तर मी जपून ठेवलं आहे. 'क' म्हणजे तुमची मूळ रेकॉर्ड. 'ख' म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून काढलेली नवी आवृत्ती, जी कुणालाही सहज विकत मिळते. "माझी प्रत घेतलीत तर पैसे मला मिळतील, लिंडाला काही मिळणार नाही. आणि ऐकायला तुम्हाला कमीच मिळेल. नवी घ्या." एवढंच लिहून तुम्ही ती रेकॉर्ड विकायला नकार दिलात. मी देऊ केलेली रक्कम लहान नव्हती. तुम्ही गप्प राहून ती घेतली असती तर मला कधी काही कळलंही नसतं, उलट मी तुमचे आभारच मानले असते. याच गोष्टीचा विचार अजून मनातून जात नाही. आणि तुम्ही मला उपदेश केला नाहीत, माझ्या कानांनाच ठरवू दिलंत.

त्यानंतर मी लिंडाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि तुमचा नकार तिच्या बाजूने कसा होता ते उमगलं. ती बेव्हर्ली हिल्समधल्या एका दवाखान्यात दात स्वच्छ करण्याचं काम करायची. तिथे येणाऱ्यांत लिओनार्ड रोझेनमन होते. 'ईस्ट ऑफ ईडन' आणि 'रेबेल विदाउट अ कॉज' या चित्रपटांचे संगीतकार ते हेच. तिची गाणी ऐकून त्यांनी अल्बम केला. शीर्षकगीताची तर तिने चित्रासारखी आखणी केली होती, कारण तिला ध्वनी आकारांत दिसत. अल्बम कॅप या रेकॉर्ड कंपनीने काढला, पण छापून आलेल्या रेकॉर्डचा आवाज इतका पातळ होता की लिंडाने आपली प्रत एकदा ऐकली आणि फेकून दिली, असं तिने पुढे सांगितलं. स्टुडिओत जे ऐकलं होतं ते त्या तबकडीत नव्हतंच. ती आपल्या कामावर परत गेली, आणि जवळपास तीन दशकं तिला पत्ताही नव्हता की तो अल्बम कुणी शोधतं आहे. वाइल्ड प्लेसेस या छोट्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) मायकल पायपर यांनी नाद सोडला नाही. पुनर्प्रकाशन आधी रेकॉर्डवरूनच करावं लागलं. लिंडा सापडल्यावर तिने जपलेल्या टेप हाती आल्या आणि मग ते संगीत तिला हवं तसं लोकांपर्यंत पोचलं. तिचा दुसरा अल्बम आला तो २०१४ मध्ये, पहिल्यानंतर ४४ वर्षांनी.

म्हणजे ज्या मूळ प्रतीसाठी मी एवढी धडपडत होते, ती खुद्द गायिकेने नाकारलेली होती. तुम्हाला हे ठाऊक होतं. विकणाऱ्याला ठाऊक असलेली अशी गोष्ट घेणाऱ्याला सहसा सांगितली जात नाही.

ही सवय मला चांगली ठाऊक आहे, म्हणून तुमच्याआधी ज्यांच्याशी संबंध आला त्यांच्याबद्दल थोडं लिहितेच. मार्क फ्रायचा 'ड्रीमिंग विथ अ‍ॅलिस' मला एका विक्रेत्याने 'अधिकृत पुनर्प्रकाशन' म्हणून दिला होता. १९७२ मध्ये इटलीत निघालेला हा अल्बम, तेव्हा गायक जेमतेम विशीतला इंग्रज मुलगा. शीर्षकगीत तुकड्यातुकड्यांनी इतर गाण्यांच्या मध्ये येत राहतं, आणि ते परत परत येण्यातच सगळी जादू आहे. मला मिळालेल्या प्रतीत त्यातले काही तुकडे गायब होते. खरखर घालवायच्या नादात गिटारच्या तारांची चमकही पुसली गेली होती. आत पुस्तिका नाही, वादकांची नावं नाहीत, टेप कुठून मिळाली याचा उल्लेख नाही. विचारलं तर उत्तर नाही, दुसऱ्यांदा विचारलं तर उद्धट उत्तर. कुणाच्या तरी घरच्या झिजलेल्या रेकॉर्डवरून उतरवलेली ती चोरटी प्रत होती आणि गायकाला तिच्यातून काही मिळत नव्हतं. आणखी एक संग्राहक भेटले. पुनर्प्रकाशनं ऐकणाऱ्यांना या संगीतातलं काय कळणार, असं ते मला म्हणाले. त्यांच्याकडे पुष्कळ दुर्मिळ रेकॉर्ड आहेत, आणि त्या उघडल्या तर किंमत उतरेल म्हणून ते कित्येक रेकॉर्डांचं प्लॅस्टिकही काढत नाहीत. त्या रेकॉर्ड कुणाच्याच कानावर पडलेल्या नाहीत.

इंग्रज गायिका वाश्ती बन्यनचं मला म्हणूनच फार वाटतं. तिचा 'जस्ट अनदर डायमंड डे' १९७० मध्ये आला. त्याआधी ती लंडनहून घोडागाडीतून स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे निघाली होती, घोडीचं नाव बेस, आणि त्या वाटेवर ही गाणी सुचत गेली. निर्मिती जो बॉइड यांची, काही गाण्यांची वाद्यरचना रॉबर्ट कर्बी यांची, म्हणजे इंग्रज गायक निक ड्रेकच्या गाण्यांना साज चढवणारे तेच. इतकं असूनही अल्बम विकला गेला नाही आणि तिने गाणं सोडलं. मुलं वाढवली, गिटार बाजूला पडली. नव्वदच्या दशकात इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधताना तिला कळलं की आपला अल्बम संग्राहक शोधत आहेत. २००० मध्ये त्याचं पुनर्प्रकाशन झालं आणि २००५ मध्ये तिने दुसरा अल्बम केला. तिच्या रेकॉर्डचे भाव वाढत होते त्या काळात तिच्या हाती काय पडत होतं? तिचा आवाज पुन्हा सुरू झाला तो पुनर्प्रकाशनामुळे, लिलावांमुळे नाही.

जर्मन गायिका सिबिले बायरची गाणी तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिने घरीच टेपवर उतरवली होती. ती बाहेर आणायचा विचार कुणी केला नव्हता. मुलाने घरच्यांसाठी त्यांची सीडी बनवली, एक प्रत डायनोसॉर ज्युनियर या रॉक बँडच्या जे मॅस्किसकडे गेली, त्याने ती पुढे ऑरेंज ट्विन या लेबलकडे दिली आणि २००६ मध्ये 'कलर ग्रीन' निघाला. हे संगीत आपल्यापर्यंत आलं ते अशाच माणसांमुळे. कुणी टेप जपली, कुणी हरवलेल्या गायिकेचा पत्ता काढला, कुणी आपल्याजवळची प्रत दुसऱ्याला दिली. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात. कागदपत्रं गोळा करणं, हक्क कुणाकडे आहेत ते शोधणं, ५० वर्षं जुन्या टेपवरचा चुंबकी थर सुटू नये म्हणून ती जपून चालवणं, यात पैसा फार नाही. तरीही लोक हे करतात आणि त्यात कसूर करत नाहीत. तुम्ही मला रेकॉर्ड नाकारलीत, तेव्हा तुम्ही त्यांच्यातलेच होतात, असं मला मनापासून वाटतं.

नवी आवृत्ती घेतली आहे. शेवटच्या पानावरची नावंसुद्धा वाचली. मूळ रेकॉर्ड तुमच्याजवळच राहू द्या, तिची काळजी तुम्ही घ्याल यात मला शंका नाही. आता एक मागणं आहे: मार्क फ्रायची कोणती आवृत्ती घेऊ? ज्या आवृत्तीत शीर्षकगीताचे सगळे तुकडे जागच्या जागी आहेत आणि ज्यातून गायकाला त्याचा वाटा जातो, तीच मला हवी. तुमच्याकडे दोन असतील तर पुन्हा 'क' आणि 'ख' पाठवा. या वेळी मी दोन्ही पूर्ण ऐकून सविस्तर लिहीन.

तुमची ऋणी,
'ख' निवडणारी