बार्स्टोच्या मोटेलवाल्या काका-काकींना

काका, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाहीये, फोनवर तुम्हीच म्हणालात ना की नाव-बिव कशाला. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून लिहितेय. आणि मराठीतच लिहितेय, कारण घाटकोपरच्या शाळेत शिकलेलं मराठी तुम्हाला अजून सरसर वाचता येतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही दोघं मार्चमध्ये लॉस एंजेलिसकडून निघून जुन्या रूट 66 ने मोहावीच्या वाळवंटातून अ‍ॅरिझोनातल्या सेलिगमनपर्यंत जायला निघालो होतो. शिकागो ते सँटा मोनिका असा हा रस्ता, 1926 मध्ये त्याला 66 नंबर मिळाला आणि 1985 मध्ये हायवेंच्या यादीतून काढून टाकला. आता शेजारून मोठा आय-40 हायवे जातो, फोनवरचा मॅप सारखा तिकडेच ढकलतो, आणि जुन्या रस्त्यावरची गावं तशीच बाजूला पडून राहतात.

काका, बार्स्टोला रात्रीच्या मुक्कामासाठी आम्ही फक्त खोलीची किल्ली घ्यायला तुमच्या काउंटरवर आलो होतो. तुम्ही विचारलंत उद्या कुठे, आणि मग खालच्या ड्रॉवरमधून कागदी नकाशा काढून पसरलात आणि पेन्सिलीने खुणा करत बसलात. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. तुम्ही सांगत होतात की लडलोला टाकी फुल करा, पुढे पेट्रोल मिळेलच असं नाही, मिळालं तर महाग. पुरात काही जुने लाकडी पूल खराब झालेत, म्हणून अ‍ॅम्बॉयच्या पुढे सरळ जाता येणार नाही, केलबेकर रोडने वर चढून आय-40 ला लागा आणि मग परत खाली उतरून गॉफ्सकडून नीडल्सला जा. दोघांत पाण्याचे मोठे कॅन हवेत, छोट्या बाटल्या नकोत. आणि दिवेलागणीला नीडल्सला पोचलात की फोन करा. हे तुम्ही इतक्या घरच्यासारखं सांगितलंत की नवऱ्याने लगेच नंबर सेव्ह केला.

आणि ती गावांची गंमत! 1883 मध्ये रेल्वे टाकली तेव्हा वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून ठराविक अंतरावर ठाणी केली आणि नावं दिली ए बी सी डी च्या ओळीने. अ‍ॅम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. तुम्ही पेन्सिल फिरवत म्हणत गेलात आणि काकी मागून म्हणाल्या की मुलं लहान असताना गाडीत त्यांच्याकडून हेच पाठ करून घ्यायचो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या ओसाड पाट्या दिसल्या तेव्हा आम्हाला त्या अनोळखी वाटल्याच नाहीत.

अ‍ॅम्बॉयला रॉयज या जुन्या मोटेल-कॅफेची ती उंच पाटी पाहिली, 1959 ची. तुम्ही सांगितलं होतंत की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आय-40 झाला आणि इथली वर्दळ जवळजवळ एकदम थांबली. पुढे 2005 मध्ये अल्बर्ट ओकुरा नावाच्या चिकन रेस्टॉरंटवाल्या माणसाने अख्खं गावच विकत घेतलं आणि 2019 मध्ये पाटीचा निऑन परत पेटवला. मला हा माणूस फार आवडला. पैसे मिळवलेली माणसं काय काय विकत घेतात, याने एक विझलेली पाटी घेतली आणि पेटवून दाखवली. जवळच बॅगडॅड होतं, तिथे आता काहीच उरलेलं नाही, पण 1912 ते 1914 मध्ये तिथे सलग 767 दिवस पाऊस पडला नव्हता. हे नकाशाच्या कडेला तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, नाहीतर आम्ही तिथे कशाला बघतोय.

आता मुख्य गोष्ट. गॉफ्सची 1914 ची शाळा बघून (काय सुंदर सांभाळलीये!) आम्ही निघालो आणि थोडं पुढे गेल्यावर टायर बाजूने फाटलं. भाड्याच्या गाडीत स्टेपनी नव्हती, नुसता फेसाचा डबा आणि पंप, आणि बाजूने फाटलेल्या टायरला त्याचा काही उपयोग होत नाही. फोनला रेंज नाही. रस्त्याला एकही गाडी नाही, फक्त रुळांवरून लांबच लांब मालगाड्या जात होत्या. ऊन उतरलं तशी थंडी वाढायला लागली, वाळवंटात ती किती पटकन वाढते हे तिथेच कळलं. आम्ही काकींचे ठेपले खाल्ले, पाणी पुरवून पुरवून प्यायलो आणि मी खरंच घाबरले होते, नवऱ्याला तसं सांगितलं नाही पण त्याला कळलं असणार.

आणि अंधार पडल्यावर दोन दिवे आले.

तुम्ही फोनची वाट बघितलीत, आला नाही, आमचा लागेना, तेव्हा नीडल्सच्या तुमच्या ओळखीच्या मोटेलवाल्यांना फोन केलात की एक मराठी जोडपं गॉफ्सच्या रस्त्याने येतंय, अजून पोचलं नाहीये. रस्ता तुम्हाला माहीत होता कारण खुणा तुम्हीच केल्या होत्या. त्यांचा मुलगा जेवणावरून उठून पिकअप घेऊन निघाला. आल्या आल्या त्याने आधी तुम्हाला फोन लावायचा प्रयत्न केला, मग म्हणाला रेंज आली की पहिला कॉल अंकलना. त्याने एक पैसा घेतला नाही, दुसऱ्या दिवशी गाडी टो करून आणण्यासाठीही तोच धावपळ करत होता. त्यालाही हे पत्र वाचून दाखवा प्लीज, मराठी येत नाही त्याला, तुम्ही गुजरातीत सांगा.

काका, मी आदल्या रात्रीचं तुमचं बोलणं विसरू शकत नाही. तुम्ही ऐंशीच्या दशकात इथे मोटेल घेतलंत तेव्हा समोरच्या मोटेलवाल्याने ‘अमेरिकन ओन्ड’ अशी पाटी लावली होती, गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊ नये म्हणून. तेव्हा देशभर भारतीयांच्या मोटेलांच्या आजूबाजूला अशा पाट्या लागायच्या, विमा मिळायला त्रास, कर्ज मिळायला त्रास. हे सगळं तुम्ही अगदी साधेपणाने सांगितलंत, काकी मात्र गप्प बसून होत्या. आणि तुम्ही, एका रात्रीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला नाही म्हणून जेवला नाहीत, हे काकींनी मला नंतर सांगितलं.

पुढचा प्रवास छान झाला. ओटमनला खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची पिल्लावळ खरंच भर रस्त्यात उभी असते. सेलिगमनलाही गेलो, जिथे 22 सप्टेंबर 1978 ला आय-40 सुरू झाला आणि गावातून गाड्या जायच्या थांबल्या, आणि एंजल डेल्गाडिओ नावाच्या तिथल्या न्हाव्याने 1987 मध्ये लोक जमवून या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान मिळवून दिला. त्यांच्या दुकानात उभं राहून नवरा म्हणाला, हा रस्ता अशा माणसांनीच धरून ठेवलाय. मी लगेच तुमचं नाव घेतलं.

काकी, ठेप्ल्यांचा डबा आमच्याकडेच आहे, तो रिकामा परत करणार नाही. आई-बाबा नोव्हेंबरमध्ये पुण्याहून येतायत, त्यांना सगळ्यात आधी तुमच्याकडेच घेऊन येतोय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे खालच्या मजल्यावरची खोली ठेवा, आणि यावेळी भाडं पूर्ण घ्यायचं हं, काका.