तुकोबांच्या तसबिरीखाली एक नाव लिहा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नटवर्य विष्णुपंत पागनीस आणि ‘संत तुकाराम’ चित्रपटाची नव्वदी

महोदय,
स. न. वि. वि.

किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, एसटीच्या चालकासमोर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आषाढीच्या फ्लेक्सवर तुकोबा दिसतात. डोक्याला पागोटं, कपाळी गंध, हातात वीणा-चिपळ्या आणि अर्धे मिटलेले डोळे. तुकाराम महाराज प्रत्यक्षात कसे दिसत, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरीही लहान पोरसुद्धा त्यांना बघताक्षणी ओळखतं. ते ओळखतं तो चेहरा बहुतेक वेळा विष्णुपंत पागनीस नावाच्या नटाचा असतो, किंवा त्या चेहऱ्यावरून चित्रकारांनी पुढे उतरवत नेलेला. नटाचं नाव मात्र विचारलं तर दहातले नऊ जण आपल्या तोंडाकडे बघत राहतात.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला. म्हणजे १२ डिसेंबर २०२६ ला नव्वद वर्षं. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचं. एकाच थिएटरात ५७ आठवडे हा चित्रपट चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सगळं आपल्या खात्याच्या दप्तरात कुठेतरी असेलच, म्हणून त्यावर फार शाई खर्च करत नाही.

मला बोलायचं आहे ते पागनिसांबद्दल. हा माणूस मुळात संगीत नाटकांतला. ‘स्वदेशहितचिंतक’सारख्या नाटक मंडळीत त्यांनी स्त्री-भूमिका केल्या. लुगडं नेसून, पदर सावरत, गळ्यानं प्रेक्षागृह जिंकण्याची ती पिढी. सिनेमा बोलू लागला, बायका पडद्यावर आल्या, आणि अशा कितीतरी नटांचं पुढे काय करायचं हा प्रश्नच उरला. पागनीस तेव्हा गायक म्हणून ठाऊक होते. ‘वंदे मातरम्’ त्यांनी सारंग रागात गाऊन ग्रामोफोनच्या तबकडीवर दिलं होतं. आज वंदे मातरमच्या दीडशे वर्षांचे कार्यक्रम होतात, त्यात ही तबकडी कितीदा वाजली, हे आपणच विचारून पाहावं.

तुकोबांसाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा प्रभातमध्ये सगळेच खूश नव्हते. फत्तेलालांना शंका होती: या माणसाची चाल, हातवारे, मान वळवण्याची ढब बायकी आहे, देहूच्या वाण्याला हे कसं शोभेल? शंका रास्त होती. आणि चित्रपट तरला तो नेमका त्याच गोष्टीवर. पागनीस तुकोबा म्हणून कुठेही अंगावर येत नाहीत. बायको करवादते तेव्हा ते मान खाली घालून ओशाळं हसतात. शास्त्रीबुवा दरडावतात तेव्हा हात आपोआप छातीशी जातो. पडद्यावर तेव्हा छाती काढून पल्लेदार संवाद फेकण्याची रीत होती. हा नट आवाज न चढवता गातो, आणि बोलता बोलता गाऊ लागतो तेव्हा कुठे बोलणं संपलं ते कळतच नाही. स्त्री-भूमिकांत कमावलेलं मार्दव त्यांनी एका पुरुष संताला दिलं. वारकऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण विठोबालाच ते माउली म्हणतात.

समोर जिजाई होती. ती भूमिका करणाऱ्या गौरीबद्दल खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन, पायताण उगारून विठोबाला जाब विचारणारी ती बाई मराठी पडद्यावरची सर्वांत खरी बाई आहे असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. पागनिसांचे तुकोबा इतके हलके, जमिनीपासून दोन बोटं वर चालणारे, की गौरीची जिजाई खाली नसती तर चित्रपट पहिल्या रिळातच वैकुंठाला गेला असता.

पुढे काय झालं, तेही सांगतो. ‘संत तुकाराम’ नंतर पागनिसांना दुसरं कुणी होऊच दिलं नाही. १९३९ मध्ये रणजित मूव्हीटोन कंपनीचा ‘संत तुलसीदास’, १९४० मध्ये विजय भट्टांचा ‘नरसी भगत’. भाषा बदलली, बॅनर बदललं, कपाळीचं गंध कायम. लोक त्यांच्या पाया पडत, त्यांच्या फोटोला हार घालत. १९४३ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. एकाच भूमिकेत अडकलेले नट जगात पुष्कळ आहेत. पण त्यांचं निदान नाव त्या भूमिकेला चिकटून राहतं. इथे भूमिका देव्हाऱ्यात गेली आणि नाव बाहेर चपलांपाशी राहिलं.

महोदय, यात तुकोबांचंही नुकसान आहे. ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदूं ऐसे’ असं ते स्वतःच सांगून गेले. पागनिसांनी त्यातला मेणाचा अर्धा भाग अप्रतिम केला. वज्राचा भाग, ‘नाठाळाचे माथी’ काठी हाणणारा तुकोबा, त्या चेहऱ्यात फारसा नाही. दोष नटाचा नाही. एका नटाने, एका चित्रपटात, दोन-सव्वादोन तासांत केलेला तो एक अर्थ होता. तो अर्थ आहे हे आपण विसरलो आणि त्यालाच महाराजांचा फोटो मानून बसलो. खाली नटाचं नाव असतं तर बघणाऱ्याला आठवण राहिली असती की हे एका कलावंताचं काम आहे आणि तुकोबा यापलीकडेही आहेत, गाथा उघडून पाहावी. अशीच गंमत ‘आधी बीज एकले’ची. तो अभंग याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला, तरी अनेकजण तो आजही तुकोबांचाच समजतात. आठवल्यांना याचा आनंद झाला असेल की त्रास, कोण जाणे. बहुधा दोन्ही.

पुतळा मागण्यासाठी हे पत्र नाही. पुरस्काराला नाव द्या असंही म्हणत नाही, ते दिलं की वर्षातून एकदा निवेदकाच्या तोंडी येतं आणि चुकीचं उच्चारलं जातं. माझी मागणी छपाईची आहे. शासनाच्या कुठल्याही फलकावर, दिनदर्शिकेत, पुस्तिकेत पागनिसांचं हे रूप वापरलं जाईल तिथे कोपऱ्यात एक ओळ यावी: ‘भूमिकेत विष्णुपंत पागनीस, प्रभात, १९३६’. याला निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

दुसरं, नव्वदीचा कार्यक्रम करायचा झाला तर तो मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात निमंत्रितांपुरता करू नये. चित्रपटावरच्या हक्काची ६० वर्षांची मुदत कधीच उलटली आहे. अडचण चांगल्या प्रतीची असते, आणि चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय पुण्यातच आहे. जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन्ही केंद्राच्या अखत्यारीत आहेत हे मला ठाऊक आहे, त्यासाठीच तर मंत्र्यांना पत्र लिहायचं. जी सर्वोत्तम प्रत असेल ती मागून घ्यावी आणि तुकोबांच्या पालखीमार्गावर यवत, वरवंड, इंदापूर, अकलूज अशा गावांतून पडदा लावून फुकट दाखवावी. फक्त पालखी मुक्कामाला असताना नको, त्या रात्री कीर्तनं असतात. पालखी पुढे गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी, गाव आपल्या कामाला लागलं की दाखवा. आधी दहा मिनिटं कुणी जाणत्याने पागनीस कोण, गौरी कोण, एवढं सांगावं. भाषणं नकोत, सत्कार तर नकोतच. ध्वनी नीट ऐकू येईल एवढं पाहा, कारण पागनिसांचा गळा फाटक्या भोंग्यातून ऐकवायचा असेल तर न दाखवलेलं बरं.

आपल्या कार्यालयाकडून सध्या एवढंच कळावं, की परिपत्रकाचा अर्ज सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे करायचा की माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे. दोन्हीकडे करायचा असेल तर दोन प्रती तयार ठेवतो.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक