दंडात पुन्हा बळ आणणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि मोजपट्टी काढून "दंड दाखवा बघू" म्हणता. म्हणून हे जाहीर पत्र. दुसरं कारण असं, की स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून घरी बसलेल्या कित्येक जणी हे वाचतील. तुम्ही मला जे सांगितलंत, ते त्यांतल्या अनेकींना कुणी सांगितलेलंच नसेल.

उपचार चालू असतात तोवर माणसं भोवती असतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, प्रत्येकाची तारीख ठरलेली. मग एक दिवस "आता तीन महिन्यांनी या" असं ऐकायला मिळतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं, सुटली बिचारी. डावा हात खांद्याच्या वर जाईना, तळपाय बधिर, आणि रात्रभर झोपून उठलं तरी अंगात त्राण नाही, अशा अवस्थेत मी तुमच्याकडे व्यायाम शिकायला आले. त्या थकव्याबद्दल तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललात. हा आळस नव्हे, आजारामुळे आणि औषधांमुळे येणारा थकवा आहे, तो नुसतं पडून राहून जात नाही, अंग हलवलं तर कमी होतो. इतके महिने मी स्वतःला दोष देत होते, ते ओझं तिथेच उतरलं.

पण सर्वांत मोठे उपकार त्या डंबेलचे. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज येईल, तेव्हा त्या हातानं जड काही उचलायचं नाही, हे मी घरीदारी इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाण्याची बाटलीसुद्धा उजव्याच हातानं घ्यायचे. तुम्ही वाद घातला नाहीत. मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर असा हात मोजलात, आकडे लिहून ठेवलेत आणि सगळ्यांत हलकं डंबेल डाव्या तळव्यात ठेवलंत. तुमचा हात माझ्या हाताखाली होता. पुढच्या वेळी आधी मोजमाप, मग व्यायाम. सूज वाढलेली नाही हे मला पट्टीवर दाखवलंत, तेव्हाच वजन थोडंसं वाढवलंत.

तेव्हाच तुम्ही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितलंत. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या काहींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत, वजनं उचलली. त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के जणींना आले, वजनं न उचलणाऱ्यांत २९ टक्के. पण त्या स्त्रिया शिकलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू झाल्या होत्या आणि व्यायाम करताना दाब देणारी बाही घालत होत्या, हेही तुम्ही तितक्याच ठासून सांगितलंत. मला धीर आला तो या दुसऱ्या वाक्यानं.

तुम्ही थांबवलंतही. एकदा हात लाल आणि गरम घेऊन मी आले, अंगात कणकण होती. तुम्ही चटईवर बसूही दिलं नाहीत, त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलंत. संसर्ग निघाला, अँटिबायोटिक्स सुरू झाली. लाल रंगाची केमो झाली आहे म्हणताच चालण्याचा वेग वाढवण्याआधी हृदयाची तपासणी झाली आहे का, हेही तुम्हीच विचारलंत, कारण त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. इतकं बारकाईनं बघणारं माणूस "करा" म्हणतं, तेव्हा करायला भीती वाटत नाही.

वेग किती ठेवायचा याला तुम्ही यंत्र लावलं नाहीत. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये, बस्स. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास असं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, यानं थकवा, उदासी, चिंता कमी होते, असं तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत म्हटलं आहे. वाईट दिवसासाठी तुमचा नियम मात्र वेगळा होता. दहा मिनिटं चालायचं, नकोच वाटलं तर परत फिरायचं. बहुतेक वेळा मी परत फिरले नाही. बधिर तळपायांसाठी खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायला शिकवलंत. हे कुणाला क्षुल्लक वाटेल, पण हार्मोन कमी करणाऱ्या गोळीनं हाडं ठिसूळ होऊ लागली असताना तोल जाणं परवडणारं नसतं.

आजार परत येणार नाही ना, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही खोटी आशा दिली नाहीत. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तो तुम्हीच समजावून दिलात. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. "काकू, तुमचा आजार वेगळा, हा आकडा जसाच्या तसा तुमचा नाही," असं लगेच बजावलंत. तीन वर्षं मात्र मी लक्षात ठेवली. व्यायाम हा महिन्या-दोन महिन्यांचा कोर्स नव्हे, हे मला तिथे पटलं.

आणि वर्षं म्हटली की खंड पडणारच. फ्लू झाला, घरात दुखवटा आला, कधी नुसतंच मन उठलं. प्रत्येक वेळी परत आले तेव्हा तुम्ही कारण विचारलं नाहीत, वही उघडलीत आणि आधीच्या निम्म्यावरून सुरू केलंत. या एका गोष्टीमुळे मी आजही व्यायाम करते आहे. पहिल्या महिन्यात हात धरणारे भेटतात. चौथ्या वर्षीही वही जपून ठेवणारं माणूस क्वचित मिळतं.

परवा प्रवासात माझी बॅग मीच वरच्या फळीवर ठेवली, दोन्ही हातांनी. शेजारच्या मुलानं मदतीला हात पुढे केला होता, मी नको म्हटलं आणि फार बरं वाटलं.

तुमच्याकडे नव्यानं येणारी एखादी घाबरलेली असेल आणि माझ्याशी बोलून तिला धीर येणार असेल, तर माझा नंबर तिला खुशाल द्या. मी तिच्यासोबत चालायलाही येईन.

तुमची,
काकू