फिफ्थ व्हीलसाठी विकत घेतलेला थांब्यांचा आराखडा निरुपयोगी निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एडिसन (न्यू जर्सी) ते ऑरलँडो (फ्लोरिडा) या प्रवासासाठी तुम्ही दिलेला चुकीचा व धोकादायक आराखडा, शुल्क परत मिळणे व दुरुस्ती होणे याबाबत.

महोदय,

तुमच्या प्रतिनिधी आमच्याशी सुरुवातीपासून मराठीत बोलल्या. आराखडाही मराठीत आला. म्हणून तक्रारही मराठीतच लिहिते आहे.

पिकअपला जोडलेलं फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायचा राहण्याचा ट्रेलर घेऊन, सासू-सासऱ्यांसह आम्हाला ऑरलँडोला जायचं होतं. तुमच्या जाहिरातीत "आजी-आजोबांसोबत आरव्हीचा निवांत प्रवास, प्रत्येक थांबा आमच्यावर सोपवा" असं होतं (आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर). त्यावर विश्वास ठेवून आम्ही पूर्ण शुल्क आगाऊ भरलं. अर्जात तुम्ही विचारलेली सगळी माहितीही दिली. ट्रेलरची लांबी 34 फूट, पिकअपला जोडल्यावर एकूण सुमारे 50 फूट, उंची 13 फूट 2 इंच, पिकअप डिझेलवरची, ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात प्रोपेनच्या 30 पौंडी दोन टाक्या, सासऱ्यांना मधुमेह. यातलं काहीही आराखडा करणाऱ्याने वाचलं असेल असं मला वाटत नाही. आलेला कागद एखाद्या सेडानसाठी ठीक होता.

सगळ्यात गंभीर बाब आधी सांगते, कारण तिच्यासाठी या पत्राच्या उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही.

बाल्टिमोरला तुम्ही आम्हाला आय-95 या आंतरराज्य महामार्गावरून सरळ फोर्ट मॅकहेन्री बोगद्यातून नेलं आहे. या बोगद्यात आणि शेजारच्या हार्बर बोगद्यातही दहा पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी असलेल्या वाहनाला बंदी आहे. ट्रेलरमध्ये गॅस आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याहून कहर म्हणजे तळटीप: "प्रोपेन असल्यास पर्यायी मार्ग: आय-695, फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज." हा पूल 26 मार्च 2024 च्या पहाटे मालवाहू जहाजाची धडक बसून नदीत कोसळला. जगभरच्या बातम्यांत दिसला. तुमचा आराखडा त्यानंतर बराच काळ लोटल्यावर तयार झालेला आहे. म्हणजे एक रस्ता बंदी असलेला आणि त्याला दिलेला पर्याय अस्तित्वातच नसलेला. आय-695 या शहराभोवतीच्या रिंगरोडच्या पश्चिम बाजूने वळसा घालून जायचं, ही गोष्ट गॅसचा ट्रेलर ओढणाऱ्या कुणालाही विचारली असती तर फुकट कळली असती. मला ती माहीत होती म्हणून आम्ही तसे गेलो. ज्यांचा हा पहिलाच प्रवास असेल त्यांचं काय? तुमच्या जाहिरातीला भुलणारे बहुतेक तेच असणार.

आता थांब्यांकडे येते.

पहिल्या रात्रीचा मुक्काम तुम्ही व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाच्या रेस्ट एरियात (महामार्गालगतच्या विश्रांतीच्या जागेत) लिहिला आहे, "विनामूल्य, सुरक्षित" असा शेरा मारून. व्हर्जिनियाच्या रेस्ट एरियांत दोन तासांपेक्षा जास्त थांबायची परवानगी नाही. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम फ्लोरिडात शिरल्यावर लागणाऱ्या पहिल्या स्वागत केंद्रात. तिथे संत्र्याचा रस फुकट मिळतो हे मात्र तुम्ही आवर्जून लिहिलंत! फ्लोरिडात मर्यादा तीन तासांची आहे, हे लिहायचं राहिलं. मी फोनवर हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, रेस्ट एरियात झोपता येतं, आमचे टेक्सासचे ग्राहक नेहमी झोपतात." टेक्सासमध्ये 24 तास थांबता येतं, हे खरं आहे. ओरेगनमध्ये 12 तास, कॅलिफोर्नियात आठ तास. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि नेमकं हेच शोधून देण्याचे पैसे तुम्ही घेता. आम्ही टेक्सासला चाललो नव्हतो.

समजा कुणी हटकलं नसतं, तरी प्रश्न सुटत नाही. 50 फुटांची गाडी रात्री उभी राहणार ती ट्रकच्या लांब जागेतच. ट्रकचालकाला कायद्याने 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. त्याचं घड्याळ संपलं की त्याला थांबावंच लागतं, आणि संध्याकाळनंतर या देशात ट्रकला जागा मिळणं किती मुश्कील आहे ते आय-95 वर रात्री एकदा बघा. बाहेर पडायच्या रॅम्पवरसुद्धा रांगेने ट्रक उभे असतात. अशा माणसाची जागा अडवून आम्ही आत पंखा लावून झोपायचं, हे मला पटत नाही. आमच्या बरोबरीचे जुने आरव्हीवाले तर असं करणाऱ्याला जवळ उभं करत नाहीत.

रेस्ट एरियांच्या नावापुढे तुम्ही ठिकठिकाणी "नाश्ता व डिझेल" लिहिलं आहे. न्यू जर्सी टर्नपाइक, डेलावेअर आणि मेरीलँडचा टोलचा पट्टा इथपर्यंत ते बरोबर आहे, तिथे सर्व्हिस प्लाझा, म्हणजे पंप आणि खाण्याची दुकानं असलेले थांबे आहेत. व्हर्जिनिया लागलं की चित्र बदलतं. बहुतेक इंटरस्टेटच्या, म्हणजे आंतरराज्य महामार्गांच्या हद्दीत पंप आणि उपाहारगृह चालवायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. रेस्ट एरियात स्वच्छतागृह, नकाशा, बाकडी आणि नाण्यांवर चालणारी चिप्सची मशिनं, एवढंच. सासूबाईंनी दशम्या आणि तिळाची चटणी बरोबर घेतली होती म्हणून सासऱ्यांची इन्सुलिनची वेळ सांभाळली गेली. त्याचं श्रेय तुमच्या कंपनीला नाही.

वॉशिंग्टनच्या दक्षिणेला डेल सिटीपाशी गाड्यांसाठी वेगळा आणि ट्रकसाठी वेगळा रेस्ट एरिया आहे. तुम्ही दिलेली नकाशावरची खूण गाड्यांच्या रेस्ट एरियात नेऊन सोडते. 50 फूट घेऊन तिथे शिरलेला माणूस बाहेर कसा पडणार याचा विचार झालेला दिसत नाही. पाट्या वाचून आम्ही ते टाळलं.

डिझेलचा थांबा मात्र टाळता आला नाही, कारण तोवर टाकी खाली आली होती. तुम्ही सुचवलेला पंप महामार्गापासून गावात जवळजवळ दोन मैल आत निघाला. पंपांच्या रांगा दुकानाच्या दाराकडे तोंड करून होत्या. अशा ठिकाणी आत शिरता येतं, पुढे वळायला जागा नसते. फिफ्थ व्हीलचा किंगपिन, म्हणजे जोडणीचा खुंटा, पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसतो. त्यामुळे ट्रेलर ओढायला स्थिर असतो, पण वळताना त्याची मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात. पंपाचा खांब, कचऱ्याचा डबा, शेजारच्या गाडीचा आरसा, जे मध्ये येईल ते त्याचं. छताची उंची कुठेच लिहिलेली नव्हती आणि आमच्या माथ्यावर एसी आहे. शेवटी नवऱ्याने रस्त्यावर उभं राहून रहदारी थांबवली आणि मी उलटी गाडी काढली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. सासरे आत बसून रामरक्षा म्हणत होते, ते पुढच्या थांब्यापर्यंत गप्प झाले नाहीत. महामार्गाला लागून मोठा ट्रक स्टॉप होता. तिथे डिझेलच्या मार्गिका सरळ आरपार, वर उंच छत, शेजारी टायरला हवा. तो तुमच्या कागदावर नव्हता. कदाचित गावातलं डिझेल गॅलनमागे काही सेंट स्वस्त असेल.

वेळापत्रकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. पहिल्या दिवशी सुमारे 370 मैल. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया एका दमात, म्हणजे जवळपास 500. तिसऱ्या दिवशी उरलेले 160 च्या आसपास. ही विभागणी कोणत्या हिशोबाने केली ते तुम्हीच जाणे. मैलांना मोटारीच्या वेगाने भागून तास काढलेले आहेत. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरांवर वेगळा छाप नसेल तर ताशी 65 मैल ही मर्यादा धरतात. आम्ही 60 ते 62 च्या पुढे जात नाही. म्हणजे 500 मैलांना नुसती चाकं फिरायलाच आठ तासांहून जास्त. वर थांबे. सासऱ्यांना दर दोन तासांनी उतरावं लागतं, सासूबाईंच्या पायांना सूज येते म्हणून त्यांनाही चालवावं लागतं. त्या वेळात मी गाडीला फेरी मारते. हिचचा, म्हणजे पिकअपवरच्या जोडणीचा, जबडा नीट बंद आहे ना, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी तार शाबूत आहे ना, विजेची जोडणी बसलेली आहे ना, टायर आणि चाकांचे हब हाताला भाजण्याइतके तापले नाहीत ना. एखादा हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक कुरकुरतो आहे हे तिथेच कळतं. असा थांबा अर्ध्या-पाऊण तासाखाली होत नाही. तुमच्या कागदावर प्रत्येक थांब्यापुढे "10 मिनिटे" आहे. दहा मिनिटांत सासूबाई पिकअपच्या पायरीवरून उतरून नऊवारीच्या निऱ्या सारख्या करतात, एवढंच होतं.

सर्व थांबे धरले तर तुमचा दुसरा दिवस 11 तासांच्या पुढे जातो, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार. अंधारात अनोळखी जागी फिफ्थ व्हील मागे घ्यायला लावणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. या छंदातल्या लोकांत 3-3-3 ची रीत आहे: दिवसाला 300 मैलांच्या आत, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला, आणि एका जागी तीन रात्री. तिसरं आम्हाला जमलं नसतं, पहिली दोन सहज जमली असती. तुमच्या प्रतिनिधींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ट्रकवाले 11 तास चालवतातच की." ट्रकवाल्याला त्याआधी सलग दहा तास विश्रांती घ्यावी लागते, आणि आठ तास चालवल्यावर अर्धा तास थांबावं लागतं. आणि त्याच्या गाडीत मधुमेही आजोबा नसतात.

आणखी एक वाक्य आराखड्यात तीन ठिकाणी आहे: "स्वच्छतागृहाची चिंता नको, ट्रेलरमध्ये आहेच." प्रवासात स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामाला बाहेर सरकवायचे ट्रेलरचे भाग, आत ओढलेले असतात. आमच्या ट्रेलरमध्ये ते आत असले की न्हाणीघराचं दार उघडत नाही. बऱ्याच मॉडेलांत अशीच अडचण असते. दर थांब्याला स्लाइड बाहेर काढायचा तर शेजारी तेवढी मोकळी जागा हवी. मॉडेलचं नाव तुमच्या अर्जात होतं, त्याचा नकाशा उघडून बघायला किती वेळ लागतो?

प्रत्यक्षात आम्ही तुमचा कागद पहिल्याच दुपारी बाजूला ठेवला. व्हर्जिनियात आरपार जागा (गाडी मागे न घेता सरळ पुढे काढता येईल अशी) असलेलं कॅम्पग्राउंड ऐन वेळी शोधलं. दुसरा मुक्काम साउथ कॅरोलिनाच्या सीमेवर डिलनपाशी, साउथ ऑफ द बॉर्डर या पर्यटनस्थळाच्या कॅम्पग्राउंडमध्ये केला, त्या भल्यामोठ्या सोंब्रेरोच्या (मेक्सिकन टोपीच्या) मनोऱ्याखाली. सासऱ्यांना तो प्रकार इतका आवडला की त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांना दाखवला. वाटेत एक मुक्काम वाढवला. ऐन वेळच्या जागांचे जास्तीचे पैसे आणि ऑरलँडोतली वाया गेलेली पहिली रात्र यांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. तुमच्या आराखड्याची प्रत आणि त्यावर लाल शाईने केलेल्या माझ्या खुणाही आहेत.

माझी मागणी अशी. आराखड्याचं पूर्ण शुल्क परत करावं आणि पावत्यांवरची रक्कम भरून द्यावी. शुल्काऐवजी "पुढच्या प्रवासासाठी कूपन" तुमच्या प्रतिनिधींनी देऊ केलं होतं, ते मला नको. लांबी, उंची, इंधन आणि गॅस यांवरून प्रत्येक थांबा तपासणारा, स्वतः कधी ट्रेलर ओढलेला माणूस नेमेपर्यंत "फिफ्थ व्हील" हा पर्याय विक्रीतून काढावा. आणि बाल्टिमोरमार्गे जाणारे आराखडे ज्या ज्या कुटुंबांना दिले आहेत त्यांना आजच्या आज फोन करून बोगद्याची बंदी आणि पश्चिमेकडचा रस्ता कळवावा. पैशांचं उत्तर 15 दिवसांत लेखी द्या. या फोनसाठी मात्र 15 दिवस थांबू नका. तो झाल्याचं मला ईमेलने कळवा. तसं कळलं नाही तर न्यू जर्सीच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे याच कागदांसह तक्रार नोंदवणार आहे.

कळावे,

आपली ग्राहक
एडिसन, न्यू जर्सी