साप चावल्यावर पहिला फोन कुणाला जातो, हे सांगणाऱ्या आशाताईंस

प्रिय ताई,

सर्पदंशावर बोलायला या, असं बोलावणं आलं की आम्हा डॉक्टरांजवळ भाषण तयारच असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी साप. करकचून दोरी आवळू नका, जखम कापू नका, तोंडाने विष ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका, १०८ ला फोन करा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. भाषणं तेव्हाही होतच होती.

तुमच्या गावात पावसाआधी बोलायचं ठरलं, तेव्हा समोर कोण बसणार आहे, एवढंच मी तुम्हाला विचारलं होतं. त्यावर तुम्ही व्हॉट्सॲपवर जो लांबलचक आवाजी निरोप पाठवलात, तो मी अजून जपून ठेवला आहे. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका, एवढंच लिहिते; नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

येणार त्या बायका आणि म्हातारी माणसं, कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांसारखे तुमच्या वाडीतलेही कर्ते पुरुष मुंबईला. संध्याकाळी ठेवलंत तर चुलीपाशी असतील, दुपारी तीननंतर ठेवा. हे झालं वेळेचं. पुढे तुम्ही जे म्हणालात, ते कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात मला सापडलं नसतं. “मॅडम, रात्री साप चावला ना, की पहिला फोन मुंबईला मुलाला जातो. तो काय सांगेल त्यावर सगळं.” म्हणजे ज्याने निर्णय घ्यायचा, तो श्रोत्यांत नसणारच होता. म्हणून भाषणात एक वाक्य घातलं: आधी गाडी बोलवा, गाडीत बसल्यावर मुलाला फोन करा. हे सांगताना समोरच्या किती माना हलल्या, ते तुम्ही पाहिलंतच.

बांगड्यांचं तर मी आता प्रत्येक ठिकाणी सांगते. फुरसे किंवा घोणस चावली की हात-पाय भराभर सुजतो. अंगठी, बांगड्या, जोडवी आत रुततात, म्हणून त्या लगेच काढायच्या असतात. आमच्या यादीत ते एका ओळीत असतं. तुम्ही म्हणालात, नुसतं ‘बांगड्या काढा’ म्हणू नका. माणूस दुखण्याने पडलंय आणि बाईच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या, हे घरच्या सासूला ऐकवणार नाही, तिच्या मनात भलतंच येईल. ‘सूज येईल, मग कापून काढाव्या लागतील, आत्ताच काढून पदरात बांधून ठेवा, बरी झाली की पुन्हा भरू’ असं सांगा. मी शब्द न बदलता तसंच सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तिथल्या तिथे सुनेला विचारलं, “तुझ्या निघतात का गो सहज?”

आणि ते विष उतरवणारे काका. ते सभेला येणार, पुढेच बसणार आणि गावात त्यांचा मान आहे, हे तुम्ही आधीच कानावर घातलंत. त्यांच्यासमोर ‘भोंदू’ हा शब्द गेला असता, तर अर्धी सभा मनाने उठून गेली असती. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून त्यांच्याकडे जाऊन बरी झालेली माणसं गावाने डोळ्यांनी पाहिली आहेत. तो अनुभव नाकारून पुढे जाता येत नाही. म्हणून त्यांनाच विनंती केली: काका, नारळ ठेवायचा तर ठेवा, पण गाडी सुटल्यावर. तुमच्या दारात आलेल्या माणसाला तुम्हीच म्हणा, आधी दवाखान्यात जा. ते हो म्हणाले. त्यांच्या त्या एका ‘हो’ची किंमत माझ्या सगळ्या चित्रफितींपेक्षा मोठी आहे, असं मी मनापासून मानते.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत. लोक दवाखान्यात जातात, पण तिथून उठून निघून येतात. का, तर ‘डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत ठेवलं आणि नुसते बसून राहिले, इंजेक्शन दिलंच नाही.’ हे ऐकलं आणि भाषणाचा मधला भाग मी त्याच्यावरच उभा केला. ते नुसतं बसणं नसतं. कोरड्या काचेच्या नळीत ताजं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. गोठलं नाही, तर घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलंय हे कळतं. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनवतात, काहींना त्याची जोरदार रिॲक्शन येते, म्हणून विषाची लक्षणं दिसल्याशिवाय ते देत नाहीत. लक्षणं नसली तरी २४ तास नजरेखाली ठेवतात. साप मारून आणायची गरज नसते, कारण त्या चारही सापांवर औषध एकच. लहान मुलाला मोठ्याइतकाच डोस लागतो, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. हे सांगत असताना मागून जे प्रश्न आले, ते खरे प्रश्न होते. पैसे लागतात का? सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत आहे. रात्री डॉक्टर असतात का? याचं उत्तर तुमच्याकडे होतं. कुठल्या दवाखान्यात रात्रपाळी आहे, ते तुम्ही आधीच विचारून आला होतात.

गमबुटांचा सल्ला मी तुमच्या सांगण्यावरून गाळला. लावणीच्या चिखलात बूट रुतून बसतो, कुणी घालणार नाही. त्याऐवजी गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटी, लाकूडफाटा, सड्यावरचे म्हणजे कातळपठारावरचे दगड आणि काजूखालचा पातेरा म्हणजे पालापाचोळा यावर बोलले, कारण फुरसे तिथेच असतं. हात घालण्याआधी काठीने हलवा. मण्यारीसाठी मात्र वेगळं सांगावं लागलं: ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या मिटायला लागतात. पडवीत अंथरूण टाकणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी.

रिक्षावाल्यांना आणि मोटारसायकलवाल्या पोरांना बोलावणं हीसुद्धा तुमचीच सूचना. नेपाळमधल्या दमक भागात मोटारसायकलवाल्या तरुणांची अशीच फळी उभी केली होती, लोकांना माहितीही दिली होती, आणि तिथले सर्पदंशाचे मृत्यू खूपच कमी झाले होते. रुग्णाला मधे बसवायचं, मागे एकाने घट्ट धरायचं. पोरांनी ते अंगणात करून पाहिलं.

ताई, भाषणानंतर शाल, श्रीफळ आणि पाकीट मला मिळालं. तुम्हाला कामागणिक मोबदला मिळतो, आणि वक्त्याला गावाची नस सांगणं हे काम त्या यादीत कुठेच नाही. मला हे योग्य वाटत नाही. आता कुठलंही निमंत्रण आलं की मी आधी तिथल्या आशाताईंचा नंबर मागते आणि मानधनातला वाटा त्यांना द्या, असं आयोजकांना सांगते. काहींना ते विचित्र वाटतं. तरी सांगते.

गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं बोलायला हवं, असं तुम्ही म्हणाला होतात. मी येते. आरतीनंतर की दुपारी, ते तुम्ही ठरवा. मुंबईतल्या मुलाला रात्री दोनला आईचा फोन आला, की त्याला नेमकी कसली भीती वाटते, तेवढं त्यातल्या एकदोघांना आधी विचारून मला कळवाल का?

तुमची कृतज्ञ,
डॉक्टर मॅडम