झेंडा कुठलाही असो, तपासणी आपल्या बंदरात व्हायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं बोटीवर काढली, फिफ्थ इंजिनिअर म्हणून चढलो आणि चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो, आता गुहागर तालुक्यात गावी असतो. पेपर रोज वाचतो, पत्र पहिल्यांदाच लिहितोय, कारण मागच्या पावसाळ्यात आमच्या वाडीत जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

शेजारच्या वहिनींचा मुलगा बोटीवर आहे. एका दुपारी त्यांना व्हॉट्सॲपवर फोन आला, नंबर परदेशातला, आवाज अगदी मुलाचाच, रडत रडत सांगतोय की पोर्टवर पकडलंय, कुणाला बोलू नको, आधी पैसे पाठव. त्यांनी मुलाच्या नंबरवर फोन लावला तर लागेना, लागणार कसा, बोट भर समुद्रात. पतसंस्थेतली ठेव मोडून ८५ हजार पाठवले. चार दिवसांनी बोट बंदराला लागली, मुलाचा खरा फोन आला तेव्हा सगळं कळलं. सायबरवाल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं की मुलाने बोटीवरचे व्हिडिओ टाकलेत, त्यातनं आवाज उचलून एआयकडून बोलवून घेतलेलं असणार. वहिनी अजून स्वतःलाच दोष देतात, म्हणतात तो "आई" म्हणाला, माझा पोरगा "आये" म्हणतो, तेव्हाच कळायला पायजे होतं. मी म्हटलं, वहिनी, पोरगा रडतोय म्हटल्यावर शब्दांकडे कुणाचं लक्ष असतं, चूक तुमची नाही.

पण मग चूक कुणाची? आवाज बनवणारं सॉफ्टवेअर एका देशातलं, फोन करणारा दुसऱ्या देशातला, पैसे गेले तिसऱ्याच कुणाच्या खात्यात. तक्रार नक्की कुणावर करायची, असं वहिनींनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या पुळणीवर मे-जूनमध्ये डांबरासारखे काळे गोळे येतात ते कोकणातल्या सगळ्यांना माहितेय, पोरांच्या पायाला चिकटले की रॉकेलने काढावे लागतात. हे तेल आमच्या गावातल्या होडीचं नसतं, लांब समुद्रात कुणीतरी सोडलेलं असतं, वारा फिरला की आमच्या दारात. एआयचं मला तसंच वाटतं. बनतंय कुठेतरी लांब, आम्हाला कुणी विचारलेलं नाही, आणि घाण मात्र आमच्या किनाऱ्याला लागते.

समुद्रावर हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर जगाने काहीतरी केलंय, म्हणून मला हे सांगायचंय. १९७८ च्या मार्चमध्ये अमोको कॅडिझ नावाचा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटला, दोन लाख टनांहून जास्त क्रूड समुद्रात गेलं. मालक अमेरिकन, झेंडा लायबेरियाचा, आणि काळे झाले ते फ्रान्समधले मच्छीमार. तेव्हा लक्षात आलं की ज्या देशाचा झेंडा त्याच देशाने बोट तपासायची ही पद्धत पुरत नाही, कारण मालक जिथे नियम ढिले तिथला झेंडा लावतात. मग १९८२ साली पॅरिसमध्ये युरोपातल्या १४ देशांनी करार केला की आमच्या बंदरात कुठल्याही झेंड्याची बोट येऊ दे, आम्ही तपासणार, आणि दोष सापडला तर दुरुस्त होईपर्यंत सोडणार नाही. ह्याला पोर्ट स्टेट कंट्रोल म्हणतात. हिंदी महासागरातल्या देशांनी असाच करार १९९८ मध्ये केला, त्यात आपणपण आहोत.

ही तपासणी मी दुसऱ्या बाजूने बघितलीय. मार्पोल म्हणजे बोटींनी समुद्र घाण करू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या नियमाने इंजिन रूममधलं तेलकट पाणी मशीनमधून गाळूनच बाहेर सोडायचं, तेल दहा लाखात १५ भागांच्या वर नको, आणि प्रत्येक वेळी ऑइल रेकॉर्ड बुकात लिहायचं. आता हे बुक लिहिणार कोण, तर आम्हीच. काही बोटींवर बुकात सगळं स्वच्छ आणि खाली गुपचूप एक बायपास पाईप जोडलेला, त्याला मॅजिक पाईप म्हणतात. तो बुक वाचून सापडत नाही, इन्स्पेक्टर बॉयलर सूट घालून खाली उतरतो, फ्लँज, म्हणजे पाईपचा जोड, खोलायला लावतो, तेव्हा सापडतो. एआयच्या कंपन्या आमचं मॉडेल आम्हीच तपासलं, सुरक्षित आहे असे स्वतःचे रिपोर्ट काढतात, ते मला त्या बुकासारखे वाटतात. सगळे खोटं लिहितात असं मी म्हणत नाही, पण फ्लँज खोलणारा बाहेरचा माणूस पाहिजेच.

ह्या बाबतीत जगात काय चाललंय ते मी वाचत असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात ब्लेचली पार्कला २८ देश आणि युरोपियन युनियनने एआयच्या सुरक्षिततेवरच्या एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, अमेरिका, चीन आणि भारत तिघं एका कागदावर, हे साधं नाही. पण २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला एआयच्याच परिषदेत, जिथे भारत सहयजमान होता, अमेरिका आणि ब्रिटनने तिथल्या जाहीरनाम्यावर सहीच केली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२४ मध्ये सांगितलं की एआयच्या नियमांसाठीच्या सात मोठ्या प्रयत्नांपैकी ११८ देश एकातही नाहीत. म्हणजे बोटी सगळ्यांच्या बंदरात जातात आणि नियम करायला मोजकेच बसलेत. त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये महासभेने ४० तज्ज्ञांचं एक शास्त्रीय मंडळ आणि सगळ्या देशांचा मिळून एक संवाद सुरू करायचं ठरवलं, त्याची बैठक जुलै २०२६ मध्ये जिनिव्हात ठेवलीय. ह्या दोन्हीचं मला मनापासून बरं वाटलं, पण अडवायचा अधिकार त्यातल्या कुणाकडेच नाही.

तो अधिकार आज युरोपने घेतलाय. त्यांचा एआयचा कायदा ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय, कंपनी कुठल्याही देशातली असू दे, युरोपात माल आणला की नियम लागू, आणि मनाई असलेली गोष्ट केली तर जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड. हेच पोर्ट स्टेट कंट्रोल. आपण एवढी मोठी बाजारपेठ, एवढं मोठं बंदर, आपल्याला का जमू नये?

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मामा, बोट अडवता येते, सॉफ्टवेअर कसं अडवणार, आणि नियम केले तर आपल्या पोरांचे स्टार्टअप मरतील. पहिलं म्हणणं त्याचं अर्धं खरंय, फुकट डाउनलोड होणारं मॉडेल कुणी घरात चालवलं तर ते कुठल्याच बंदरात येत नाही. पण सगळ्यात मोठी मॉडेल बनवायला प्रचंड पैसा आणि चिप्स लागतात, त्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, त्यांची ऑफिसं आपल्याकडे आहेत, आपल्याकडून पैसे घेतात, तिथून तरी सुरुवात करा. आवाजाची नक्कल विकणाऱ्याला विचारा की ज्याचा आवाज आहे त्याची परवानगी तू कशी तपासतोस. दुसरं म्हणणं मला पटत नाही. चांगली बोट इन्स्पेक्शनला कधी घाबरली नाही, काही तासांत मोकळी होते. घाबरतो तो ज्याच्या खाली पाईप आहे.

आणि तपासणारे आपले हवेत. एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट, म्हणजे एआय तपासणारी सरकारी संस्था, असलेल्या देशांचं एक जाळं २०२४ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झालं, त्यात केनिया होता, आपण नव्हतो. आपली संस्था सरकारने २०२५ च्या जानेवारीत जाहीर केली, चांगलं झालं, पण तिने मराठीत, मालवणीत, आगरी बोलीत ही यंत्रं तपासून बघावीत आणि जे सापडेल ते दुसऱ्या देशांना द्यावं, त्यांचं आपण घ्यावं. एका बंदरात पकडलेल्या बोटीची नोंद पुढच्या बंदराला दिसते, म्हणून तर ती पद्धत चालते. "आई" आणि "आये" मधला फरक लंडनच्या माणसाला कसा कळणार?

तुम्हाला एकच विनंती आहे. जिनिव्हाच्या बैठकीत भारताकडून कोण बोलणार आणि तपासणीच्या अधिकाराबद्दल काय मांडणार, हे विचारून तुमच्या पेपरात पहिल्या पानावर छापा. वहिनी पेपर वाचतात, त्यांना दाखवायचंय.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी